गर्भनिरोधक बदलताना मध्ये खंड पडू देऊ नका

पद्धत नकोशी झाली की अनेक बायका ती परस्पर बंद करतात आणि दुसरी सुरू होण्याआधीच दिवस राहतात. आधी नवी ठरवा, मगच जुनी सोडा.

सोडण्यामागे बहुतेक वेळा पाळीतला बदल असतो. ‘अंतरा’ इंजेक्शननंतर सुरुवातीला अधूनमधून डाग लागतात, पुढे पाळी थांबूही शकते. रक्त आत साठत नाही. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, इतकंच. आशाताईंनी हे टोचण्याआधीच सांगायला हवं. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. पुढचा डोस 3 महिन्यांनी. उशीर झालाच तर 4 आठवड्यांपर्यंत चालतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ, करवीरकडे ऊसतोडीला आलेल्यांनी इंजेक्शनचं कार्ड सोबत ठेवावं, तारीख हंगामातच येते. मूल हवं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर 7 ते 10 महिने लागू शकतात.

‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीत घोळ वारांचा होतो. पाळीच्या पहिल्या दिवशी, समजा रविवारी, पहिली गोळी. मग 3 महिने दर बुधवारी आणि रविवारी. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी.

तांबी (कॉपर-टी) बसवल्यानंतर पहिले 3 ते 6 महिने अंगावरून जास्त जातं. तांबी सोडून माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी घ्यायची असेल तर आधी 7 दिवस गोळ्या घ्या, मग तांबी काढा. स्तनपान, रक्तदाब किंवा अर्धशिशी असेल तर माला-एन डॉक्टरांना विचारूनच. ताप, असह्य पोटदुखी किंवा तासाला पॅड भिजत असेल तर थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा.