चर्च सापडलं ते आवारात

वसईहून पुण्यात आलो आणि घराजवळचं चर्च धरलं. दोन महिन्यांत कुणी नावसुद्धा विचारलं नाही. धाकटा रडला की पुढच्या बाकावरची मान मात्र हमखास वळायची. मग ठरवलं, दर रविवारी वेगळं चर्च आणि मिस्सा संपल्यावर दहा मिनिटं आवारात नुसतं उभं राहायचं. प्रवचनापेक्षा ही दहा मिनिटं जास्त सांगतात! नाना पेठेतल्या सिटी चर्चमध्ये (१७९२चं, जागा पेशव्यांनी दिलेली) एका मावशींनी आईला गाठलं, "वसईकडच्या का हो तुम्ही?" त्याच आठवड्यात फादरांकडे कुटुंबाचं नाव नोंदवलं, थोरलीचा बाप्तिस्म्याचा दाखला दिला. कोंढव्याहून रिक्षा महाग पडते, पण आई आता शनिवारीच साडी काढून ठेवते.