शाळेत व्यसनाबद्दलचे नियम कसे करायचे आणि पोरगं सापडलं तर नेमकं काय करायचं

मी आधी ज्या शाळेत होतो तिथं आठवीतल्या एका पोराच्या दप्तरात माव्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) दोन पुड्या सापडल्या. वर्गशिक्षकांनी त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलं, पुड्या वर धरून दाखवल्या, दोन थोबाडीत दिल्या आणि उद्या बापाला घेऊन ये म्हणाले. बाप आला नाही आणि पोरगंही आलं नाही. दिवाळीनंतर कळलं की ते आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं, पुन्हा काही शाळेत दिसलं नाही. मी तिथंच उभा होतो, बोललो नाही, ते अजून छातीत टोचतं. आणि शाळेत नियम नव्हता असं नाही हो, नियम होता, भिंतीवर एक ओळ रंगवलेली होती की तंबाखू खाण्यास सक्त मनाई आहे. पण सापडल्यावर पुढं काय करायचं, कोणी करायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ज्याच्या हाती पोरगं लागलं त्याच्या रागाएवढी शिक्षा झाली.

म्हणून हे लिहितोय. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, ज्यांना आपल्या शाळेत हे नीट बसवायचंय त्यांच्यासाठी.

सुरुवात नियम लिहिण्यापासून करू नका, आधी आपल्या गावात पोरांच्या हाताला काय लागतं ते बघा. विदर्भात खर्रा असतो, आमच्याकडे मावा आणि गुटखा (राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी), काही घरांत आजीच्या मशेरीच्या डबीपासूनच सुरुवात होते. शहरात व्हेप (ई-सिगारेट) आणि नशेच्या गोळ्या, मालेगावकडं तर कुत्ता गोळी हे नाव लहान पोरांनाही माहितीये. आणि एक गोष्ट जी शिक्षकांच्या लक्षातच येत नाही ती म्हणजे व्हाईटनर, थिनर आणि पंक्चरचं सोल्युशन. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला जो देशभरचा सर्व्हे २०१९ ला आला त्यात असं हुंगण्याचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं, मुलांत १.७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. कारण साधं आहे, ते स्वस्त आहे आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. तुमच्या नियमात नुसतं 'अमली पदार्थ' लिहिलं तर पोरांना वाटतं हे काहीतरी पिक्चरमधलं, आपल्या खिशातली पुडी त्यात येतच नाही. तर नावं लिहा. मावा, खर्रा, गुटखा, मशेरी, बिडी, सिगारेट, व्हेप, दारू, बिअर, गांजा, नशेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध नशेसाठी पिणं, व्हाईटनर हुंगणं.

नियम बसून कोणी करायचे? एकट्या मुख्याध्यापकांनी तर नाहीच. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानंच तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला लागतात, तर त्या आयांना बोलतं करा, कुठल्या टपरीवर कोणाचं पोरगं उभं असतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असतं. जिथं ही समिती नाही तिथं पालक-शिक्षक संघ आहेच. आणि नववी-दहावीची चार मुलंमुली पण बसवा बैठकीत, ती जे सांगतात ते ऐकून आपण गार पडतो.

आता कायदा, थोडक्यात, कारण नियम कायद्याच्या बाहेर गेला तर उद्या शाळाच अडचणीत येते. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही आणि मारता किंवा मानसिक त्रासही देता येत नाही, म्हणजे वर सांगितलेला तो सगळा प्रकारच बेकायदा होता. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ सगळ्या स्टाफला पाठ पाहिजे, मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. मुलाकडून असला माल विकून किंवा पोचवून घेणाऱ्याला कलम ७८ आहे, शिक्षा तेवढीच. तंबाखूच्या २००३ च्या कायद्यात १८ च्या आतल्याला विकायला बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, विक्रीच करता येत नाही. ई-सिगारेट तर २०१९ पासून देशातच विकायला बंद. हे सगळं वाचलं की एक दिसतं, कायद्याचा दांडका विकणाऱ्यावर आहे आणि आपण शाळेत तो पोराच्या पाठीवर मारतो.

म्हणून नियमात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा, एकाच ओळीत कोंबू नका.

पहिली, मुलाकडे सापडलं किंवा त्यानं घेतलेलं दिसलं. पहिल्या वेळी आईवडिलांना शाळेत बोलवायचं, एकांतात बोलायचं, समुपदेशन सुरू करायचं, आणि तीन महिने दर आठवड्याला एका ठरलेल्या शिक्षकानं त्याला भेटायचं. परत झालं तर डॉक्टरकडे पाठवायचं, सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं तिथं. शिक्षा द्यायचीच असेल तर त्याला शाळेशी जोडून ठेवणारं काम द्या, वर्गाबाहेर उभं करणं, खेळातून काढणं, सहलीला न नेणं हे करू नका. मैदान बंद केलं की ते टपरीवरच जाणार ना, दुसरं जाणार कुठं.

दुसरी, मुलगा दुसऱ्यांना देतो किंवा विकतो. इथं जास्त कडक राहा पण आधी हे शोधा की त्याला कोण देतंय, कारण बहुतेक वेळा मागं कोणी मोठा असतो आणि मग ते पोरगंच वापरलं गेलेलं असतं. अशा वेळी पोलीस ठाण्यातले बाल कल्याण पोलीस अधिकारी किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवायचं. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, हे पालकांना आधीच सांगा म्हणजे ते घाबरून पोराला गावाला पाठवून देणार नाहीत.

तिसरी गोष्ट बहुतेक शाळांच्या नियमात नसतेच आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. मूल स्वतः येऊन म्हणालं की सर मला सुटत नाहीये, किंवा मित्राबद्दल सांगितलं, तर कुठलीही शिक्षा नाही, नोंदवहीत नाव नाही, फक्त मदत. हे ठळक अक्षरात लिहा आणि तसंच वागा. एकदा जरी कुणी सांगायला आलं आणि तुम्ही त्यालाच झापलं तर पुढची दहा वर्षं कुणी येणार नाही. तक्रारपेटी असते शाळेत, ती ऑफिसच्या दाराशी असेल तर तिथून हलवा, मुतारीच्या वाटेवर किंवा जिन्यात लावा जिथं चिठ्ठी टाकताना कोणी बघत नाही.

सापडलं त्या क्षणी काय करायचं ते आता सविस्तर सांगतो कारण चुका इथंच होतात. मुलगा झिंगलेला असेल तर आधी तब्येत, चौकशी नंतर. त्याला एकट्याला खोलीत कोंडू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, उलटी करायला लावू नका, १०८ ला फोन करा, मग पालकांना. व्हाईटनर किंवा सोल्युशन हुंगताना दिसला तर त्याच्यामागं पळू नका, एकदम ओरडू नका, कारण त्या रसायनानं हृदय नाजूक झालेलं असतं आणि दचकून किंवा धावल्यानं ते अचानक बंद पडू शकतं, जीव जातो. शांतपणे जवळ जा, हातातलं काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. हे शिपाईमामांनाही सांगून ठेवा, कारण संडासामागं, पाण्याच्या टाकीमागं पोरं आधी त्यांनाच दिसतात.

दप्तर बघायचंच असेल तर त्या मुलासमोर, दोन शिक्षकांनी, वर्गापासून बाजूला. मुलींचं दप्तर मॅडमनीच बघायचं. सगळ्या वर्गाची सरसकट झडती घेऊ नका, एक सापडतो आणि एकोणचाळीस जणांचा विश्वास जातो. सापडलेली वस्तू पाकिटात घालून तारीख-वेळ टाकून दोन सह्या करा. तंबाखू असेल तर पालकांसमोर नष्ट करता येते पण गांजा किंवा गोळ्या असतील तर त्या आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या नाहीत, त्याच दिवशी पोलिसांना कळवून सोपवायच्या. लघवीची तपासणी वगैरे शाळेनं जबरदस्तीनं करायची नाही, ते पालकांच्या संमतीनं डॉक्टर बघतील.

आणि फोटो व्हिडिओ अजिबात नाही. मागं एका ठिकाणी मुलीचा नशेतला व्हिडिओ स्टाफच्या ग्रुपवरून गावच्या ग्रुपवर गेला, संध्याकाळपर्यंत तिच्या मामाच्या गावालाही पोचला. अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पालकांशी बोलताना पहिलं वाक्य 'तुमच्या पोरानं काय केलंय माहितीये का' असं नको. 'ताई, दादा, आम्हाला काळजी वाटली म्हणून बोलावलं' असं म्हणा, पाणी द्या, बसवा. बाप स्वतः पिणारा असेल तर घरी जाऊन पट्ट्यानं मारणार हे धरूनच चाला आणि तसं वाटलं तर आईला वेगळं भेटा, शक्यतो मॅडमना सोबत घेऊन. बाप म्हणेल मी पण खातो, मला काय झालं. त्याच्याशी भांडू नका, त्यालाही तंबाखू सोडायचा टोल फ्री नंबर द्या, १८०० ११२ ३५६. नशा सोडण्यासाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मन बेचैन असेल, झोप नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. पुण्याच्या जवळ असाल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून काम करतंय. पण हे नंबर नुसते कागदावर देऊ नका हो, तिथंच बसून आपल्या फोनवरून लावून द्या, घरी जाऊन कोणी लावत नाही.

आता जे लिहितोय त्यानं काही सहकारी नाराज होतील तरी लिहितो. नियम शिक्षकांनाही लागू पाहिजे आणि त्याच कागदावर पाहिजे. मधल्या सुट्टीत तळहातावर चुना मळणारे सर वर्गात व्यसनमुक्तीवर बोलतात तेव्हा पोरं ऐकत नाहीत, ती सरांचा खिसा बघतात. पोराला टपरीवरून पुडी आणायला पाठवणं तर कुठल्याच परिस्थितीत चालणार नाही. आवारात कोणीही सिगारेट ओढताना दिसलं, पालक असो की संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापकांना २०० रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे आणि एकदा तरी तो वापरा, बातमी आपोआप पसरते. केंद्राच्या तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत फलक, तंबाखू मॉनिटर, १०० यार्डांची पिवळी रेघ असं सगळं सांगितलेलं आहे. रेघ मारायचा कार्यक्रम मुलांकडूनच करून घ्या, टेप घेऊन मोजू द्या त्यांना, रेघेच्या आत कुठली टपरी येते ते गावासमोर दिसतं. मग ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज, पोच घेऊन. टपरीवाला गावातलाच असतो, त्याचं पोट त्यावर आहे, म्हणून आधी समितीतल्या दोघा-तिघांनी जाऊन बोलावं, बिस्किटं वह्या पेन विक म्हणावं, पुडी रेघेबाहेर ने. आमच्याकडे दोनपैकी एकानं ऐकलं, दुसऱ्यासाठी अर्ज करावा लागला.

दाखल्याचं राहिलंच. दहावीचा मुलगा आहे, निकाल खराब करेल म्हणून 'स्वतःहून दाखला न्या' असं पालकांना सांगणाऱ्या शाळा आहेत, आणि त्यावर वर्तणुकीच्या रकान्यात असा शब्द लिहितात की पुढची शाळा दारातूनच परत पाठवते. नियमात सरळ लिहून टाका की व्यसनाच्या कारणावरून दाखला घ्यायला दबाव टाकला जाणार नाही आणि समुपदेशनाची नोंद दाखल्यावर येणार नाही. ती नोंद वेगळ्या वहीत, कुलपात, मुख्याध्यापक आणि तो एक ठरलेला शिक्षक एवढ्यांनीच बघायची.

नियम सहलीला, गॅदरिंगला, क्रीडा स्पर्धांना आणि निरोप समारंभाला पण लागू आहेत असं स्पष्ट लिहा, दहावीच्या निरोपाच्या संध्याकाळी पहिली बिअर पिणारी पोरं मी दरवर्षी बघतो. तयार झालं की एकच पान ठेवा, मोठ्या अक्षरात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत वाचून दाखवा, सही घ्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशी बसून बोला. परत एकदा गणपतीच्या आधी आणि एकदा गॅदरिंगच्या आधी वर्गात वाचा, आणि वाचताना ती तिसरी गोष्ट, स्वतः येऊन सांगणाऱ्याला शिक्षा नाही ही, दोनदा वाचा.