निकालावर लिहायचं तर: कायद्याच्या तरुण प्राध्यापकांसाठी

एलएलएम झालं, नेट किंवा सेट निघाली, लॉ कॉलेजात रुजू झालात. इथपर्यंतची वाट नियमांनी आखलेली असते. पुढे वर्तमानपत्रात निकालांवर लिहायचं, वाहिनीवर बोलायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. मी राज्यघटना शिकवते आणि निकालांवर मराठीत लिहिते. माझ्या वर्गात बसलेली मुलं आता स्वतः शिकवू लागली आहेत. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

मोठा निकाल आला की लगेच फोन सुरू होतात. "मॅडम, दोन मिनिटांत प्रतिक्रिया द्या." निकालपत्र हाती आलेलं नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, आणि वाचून कधी बोलू शकाल ती वेळ सांगा.

निकालपत्र उतरवून घेतलं की आधी शेवट उघडा. प्रत्यक्ष आदेश बहुधा तिथेच असतो: याचिका मान्य की अमान्य, कोणती तरतूद रद्द, कधीपासून. मग पहिल्या पानावर या आणि किती न्यायमूर्तींनी स्वतंत्र निकालपत्रं लिहिली ते मोजा. एका कोऱ्या कागदावर वर न्यायमूर्तींची नावं, डावीकडे मुद्दे, असा तक्ता करा. हा कंटाळवाणा उद्योग टाळू नका.

मराठा आरक्षणाचा 5 मे 2021 चा निकाल घ्या. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. राज्याचा कायदा टिकत नाही आणि 50 टक्क्यांच्या मर्यादेचा फेरविचार नको, यावर पाचही जण एकमत. पण मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार 102व्या घटनादुरुस्तीने गेला का? मुख्य, लांबलचक निकालपत्र न्या. अशोक भूषण यांचं. ते म्हणतात, नाही गेला, आणि न्या. अब्दुल नझीर त्यांच्याबरोबर आहेत. न्या. नागेश्वर राव, न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. रवींद्र भट म्हणतात, गेला. म्हणजे या मुद्द्यावर मुख्य निकालपत्रच अल्पमतातलं! तेवढंच वाचून जो लिहायला बसेल, तो वाचकांना नेमकं उलट सांगेल. आणि त्याच वर्षी संसदेला 105वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत का द्यावा लागला, हे त्याला सांगताच येणार नाही.

लेखाची सुरुवात मात्र या वादाने करू नका. वाचकाच्या घरातला प्रश्न वेगळा असतो: आमच्या मुलीचा प्रवेश राहणार की जाणार? त्याचं उत्तर त्याच निकालात होतं. 9 सप्टेंबर 2020 पर्यंत झालेल्या वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांना आणि तोवरच्या नेमणुकांना धक्का लागला नव्हता. हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. घटनादुरुस्तीची चर्चा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात आली तरी चालते.

शब्द जपून वापरा. सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका एका ओळीत फेटाळली, की बातम्यांत 'शिक्कामोर्तब' झळकतं. न्यायालयाने तिथे फक्त अपिलाची परवानगी नाकारलेली असते. उच्च न्यायालयाचं म्हणणं बरोबर आहे असा निर्वाळा दिलेला नसतो. सुनावणीतले तोंडी शेरे म्हणजे आदेश नव्हे. नोटीस काढली म्हणजे याचिकाकर्त्याचं पटलं, असंही नव्हे.

टीका करायला कचरू नका. अवमान कायदा 1971 च्या कलम 5 नुसार अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेलं रास्त भाष्य हा अवमान ठरत नाही. तर्कावर लिहा, पुराव्याशिवाय न्यायमूर्तींच्या हेतूवर घसरू नका.

आपल्या पेशाने हे काम किती उंचीवर नेलं आहे ते पाहायचं तर मथुरा प्रकरण अभ्यासा: मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराचा खटला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदा शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. दबून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यातला गाभा. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मी दरवर्षी हे पत्र वर्गात वाचायला देते. त्यात संताप आहेच, पण तो निकालाच्या तर्काला धरून आहे. विद्यार्थ्यांना मी पत्र आणि निकालपत्र शेजारी ठेवून वाचायला लावते, तुम्हीही तसंच वाचा.

वाहिनीवर "निकाल योग्य की अयोग्य, एका शब्दात सांगा" असं म्हटलं, तर आधी न्यायालयाने काय ठरवलं ते एका वाक्यात सांगा, मगच स्वतःचं मत. दोन्ही सरमिसळ झालं की प्रेक्षक तुमचं मत न्यायालयाच्या नावावर खपवतात.

आणि ज्या प्रकरणावर लिहिता त्यातल्या एखाद्या पक्षकाराला तुम्ही सल्ला दिला असेल, मानधन घेऊन किंवा फुकट, तर तसं लेखातच लिहा. संपादकांनी ते वाक्य जागेअभावी कापायचं ठरवलं, तर लेख मागे घ्या.