लॉ कॉलेज सुरू होण्याआधी काय वाचावं, आणि कसं

प्रवेश पक्का होतो तिथपासून पहिल्या लेक्चरपर्यंत बहुतेकांच्या हाती दोन-तीन महिने असतात. तीन वर्षांचा एलएलबी असो की बारावीनंतरचा पाच वर्षांचा, या काळात होणारी चूक ठरलेली असते: कुणातरी सीनियरकडून हजार पानांची कॉमेंटरी आणायची आणि चाळिसाव्या पानावर ती मिटून ठेवायची. कॉमेंटरी वाईट नसते. पण ती प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलासाठी लिहिलेली असते. तिथे एकेका कलमाखाली डझनांनी निवाडे दिलेले असतात आणि मूळ कलम तुम्हाला येतं असं धरूनच लेखक पुढे जातो. नवख्या माणसाला ते कलमच अजून दिसलेलं नसतं. मग ‘आपल्याला कायदा झेपणार नाही’ असं वाटू लागतं, आणि हे वाटणं पुढे वर्षभर पिच्छा सोडत नाही.

म्हणून या महिन्यांत मूळ मजकूरच वाचायचा: बेअर अ‍ॅक्ट, राज्यघटना आणि थोडी निकालपत्रं. रोज एक तास पुरे, पण तो पेन्सिल हातात घेऊन. माहिती गोळा करणं हा इथे हेतूच नाही. एक वाक्य तीनदा वाचून त्यातल्या अटी सुट्या करता येणं, एवढंच साधायचं आहे. कॉलेजात हे कुणी वेगळं शिकवत नाही. ते तुम्हाला येतं असं धरून शिकवायला सुरुवात होते.

पहिला कायदा: करार अधिनियम, १८७२

बेअर अ‍ॅक्ट म्हणजे भाष्याविना, कायद्याचा निव्वळ मजकूर. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्रीय कायदे मोफत मिळतात. पण पहिला कायदा तरी कागदावर वाचा, समासात लिहिता येतं.

सुरुवात राज्यघटनेने करावीशी वाटते, तरी आधी करार अधिनियम घ्या. कलमं आखूड आहेत, बऱ्याच कलमांखाली उदाहरणं आहेत, आणि विषय रोजच्या व्यवहारातला आहे. पहिल्या दोन आठवड्यांत कलम १ ते ३०, रोज दोन-तीन कलमं, याहून जास्त नको. त्यानंतर कराराचा भंग झाल्यावरच्या भरपाईची ७३ ते ७५. कलम ७५ नंतर एकदम १२४ येतं तेव्हा पानं गळली आहेत असं समजू नका. ७६ ते १२३ ही कलमं १९३० च्या मालविक्री अधिनियमाने निघाली, आणि २३९ ते २६६ ही १९३२ च्या भागीदारी अधिनियमाने. कायद्याच्या अंगावरच्या अशा खुणा वाचायची सवय इथूनच लागते.

कलम १० घ्या. एका वाक्यात ते सांगतं की करार कायद्याने अंमलात आणण्याजोगा कधी होतो. पेन्सिलीने ते वाक्य तोडा: पक्षांची मुक्त संमती, पक्ष करार करायला सक्षम, प्रतिफल (म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला) कायदेशीर, उद्दिष्ट कायदेशीर, आणि या कायद्याने तो करार स्पष्टपणे शून्य ठरवलेला नसावा. अटी पाच निघाल्या. आता प्रत्येक अटीचा अर्थ कोणत्या कलमात आहे ते शोधा. मुक्त संमती १४ मध्ये, सक्षम कोण ते ११ मध्ये, कायदेशीर प्रतिफल आणि उद्दिष्ट २३ मध्ये, आणि शून्य करार २४ ते ३० या कलमांत विखुरलेले. एका वाक्याने तुम्हाला अर्ध्या प्रकरणातून फिरवून आणलं. कायदा असाच वाचायचा असतो, उड्या मारत. कादंबरीसारखा सलग वाचला की काहीच हाती लागत नाही.

कलम ११ जरा बारकाईने पाहा. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेली, व्यक्ती करार करायला सक्षम नाही एवढं तिथे कळतं, पण तिने केलेला करार ‘शून्य’ की ‘शून्यकरणीय’, हे कलमात लिहिलेलंच नाही. दोन्हींतलं अंतर मोठं आहे. शून्य करार कायद्याच्या लेखी अंमलात येतच नाही, आणि शून्यकरणीय करार एका पक्षाला वाटलं तर मोडता येतो, नाहीतर चालू राहतो. हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ साली मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सोडवला: अज्ञानाचा करार शून्य. कलमात राहिलेली फट न्यायालय कशी बुजवतं याचा हा सोपा नमुना आहे. तो आधी कलमात स्वतः शोधा, मग निवाड्यात पाहा.

काही शब्दांपाशी प्रत्येक वेळी थांबा. व्याख्येत ‘मीन्स’ असेल तर व्याख्या तिथेच संपली. ‘इन्क्लूड्स’ असेल तर दार अजून उघडं आहे. ‘शॅल’ आणि ‘मे’ यांत बंधन आणि मुभा इतका फरक असतो, आणि तोही कधीकधी संदर्भाने उलटतो. ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू झालेलं कलम इतरांवर मात करतं, ‘सब्जेक्ट टू’ असलेलं कलम दुसऱ्यापुढे मान तुकवतं. ‘प्रोव्हायडेड दॅट’ने सुरू होणारं परंतुक वरच्या नियमातून अपवाद कापून काढतं. नवखे नियम पाठ करतात आणि परंतुक सोडून देतात. परीक्षेतला प्रश्न मात्र बहुतेक वेळा परंतुकावरच असतो.

फौजदारी कायदा: आवृत्ती पाहून घ्या

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, १८६० च्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. सीनियरने प्रेमाने दिलेलं जुनं पुस्तक त्याआधीचं असेल तर कलमांचे क्रमांक जुळणार नाहीत. ५११ कलमांची संहिता ३५८ वर आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. तरी जुनं पुस्तक रद्दीत देऊ नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, आणि तुम्ही वाचाल ते जवळजवळ सगळे निवाडे जुन्या क्रमांकांत बोलतात. वहीच्या शेवटच्या पानावर जुना-नवा असे दोन रकाने करा आणि क्रमांक भेटेल तसा भरत जा. छापील तक्ता मिळतो, पण स्वतः भरलेला लक्षात राहतो.

या संहितेतली दोनच ठिकाणं वाचा: सर्वसाधारण अपवादांचं प्रकरण, म्हणजे कलम १४ ते ४४, आणि चोरीचं कलम ३०३. चोरीची व्याख्या एका वाक्याची आहे, पण तिच्यात पाच गोष्टी आहेत: अप्रामाणिक उद्देश, जंगम वस्तू, ती कुणाच्या तरी ताब्यात असणं, त्याची संमती नसणं, आणि घेण्यासाठी वस्तू हलवणं. खालची उदाहरणं या पाचांवर घासून पाहा. हमरस्त्यावर पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर ती चोरी नाही, कारण ‘ताबा’ हा घटक गळतो. तिथे अपहाराचा गुन्हा मात्र होऊ शकतो. उलट, दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत म्हणून घड्याळजीने रीतसर अडवून ठेवलेलं तुमचंच घड्याळ, त्याचं तारण बुडवण्याच्या इराद्याने तुम्ही उचलून आणलंत, तर ती चोरी. मालकी तुमची असली तरी कलम ताब्याबद्दल बोलतंय. दोन उदाहरणं अशी सोडवली की ‘घटक तपासणे’ म्हणजे काय ते हाताला कळतं.

निकालपत्र कसं वाचायचं

सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ई-एससीआर’ या सेवेवर अधिकृत निकालपत्रं मोफत मिळतात. सगळ्यात वर पक्षकारांची नावं, मग संदर्भ. ‘एआयआर १९७८ एससी ५९७’ याचा अर्थ एआयआर या निवाडेसंग्रहाचा १९७८ चा, सर्वोच्च न्यायालयाचा भाग, पान ५९७. त्याखाली येणारी हेडनोट संपादकांनी केलेला सारांश असते. न्यायाधीशांचे शब्द तिच्याखाली सुरू होतात. हेडनोट वाचून निकाल वाचल्याचं समाधान मानणं ही सर्रास होणारी चूक आहे. दुसरी चूक याहून घातक: निकालपत्रात आधी दोन्ही वकिलांचे युक्तिवाद पानोपानी येतात, आणि नवखा वाचक त्यातलंच एक झोकदार वाक्य ‘न्यायालयाने म्हटलं’ म्हणून उतरवून घेतो. त्यामुळे प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहा, कोण बोलतंय: वादी, प्रतिवादी, खालचं न्यायालय की हे न्यायालय.

पहिला निवाडा अगदी लहान घ्या. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३. गौरी दत्तचा पुतण्या घरातून नाहीसा झाला. त्याने आपला नोकर लालमन याला शोधायला पाठवलं. लालमन निघून गेल्यावर मुलगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये बक्षीस जाहीर झालं. लालमनला मुलगा सापडला, आणि पुढे त्याने बक्षिसावर दावा केला. तो हरला. प्रस्ताव माहीत नसताना केलेलं काम म्हणजे त्याची स्वीकृती होत नाही, आणि शोध घेणं हे त्याचं नोकरीतलं काम होतंच.

आता वहीत पाच ओळी, प्रत्येक गोष्टीला एकच: काय घडलं, कायद्याचा प्रश्न काय, निर्णय काय, कारण काय, आणि तुमची शंका काय. पाचवी ओळ कधीच रिकामी सोडू नका. बक्षीस कळल्यावर त्याने शोध घेतला असता तर? परका माणूस असता तर? लगेच करार अधिनियमाचं कलम ८ उघडा, आणि सोबत कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी हा १८९३ मध्ये छापलेला इंग्लिश निवाडा वाचा. तिथे बक्षिसाची जाहिरात वाचून औषध वापरणाऱ्या बाईंना १०० पौंड मिळाले. एक हरला, एक जिंकल्या. फरक नेमका कुठे पडला ते स्वतःच्या शब्दांत लिहा. याला दोन संध्याकाळी गेल्या तरी चालेल.

त्यानंतर विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य, १९९७. लहान निकाल आहे, भाषा स्वच्छ आहे, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल कायदा नसताना न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं कशी घालून दिली हे तिथे दिसतं. घटनेच्या मूलभूत चौकटीवरच्या केशवानंद भारती या निवाड्याला मात्र आत्ता हात लावू नका. १३ न्यायाधीश, ११ वेगवेगळी निकालपत्रं, ७ विरुद्ध ६ असा कौल. त्यातून सूत्र कोणतं निघालं यावर जाणकारही वाद घालतात. वर्षभराने वाचलंत तर त्याची खरी उंची कळेल.

राज्यघटना: एक अनुच्छेद, तीन टप्पे

भाग ३ म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५ पूर्ण वाचा, मग ३६ ते ५१-क, आणि सुटे १४१, २२६, ३६८. अनुच्छेद १९ वाचताना (१) मधले हक्क आणि (२) ते (६) मधले निर्बंध समोरासमोर दोन रकान्यांत मांडा. (१) मध्ये ‘च’ हा उपखंड गायब दिसेल. तो मालमत्तेचा हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढला, आणि आता तो ३००-क मध्ये वेगळ्या, दुबळ्या रूपात आहे.

सगळ्यात मोलाचा अभ्यास अनुच्छेद २१ चा. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, एवढंच तो सांगतो. आधी डिसेंबर १९४८ मधली संविधान सभेची चर्चा वाचा. तेव्हा तो मसुद्यातला अनुच्छेद १५ होता, आणि ‘ड्यू प्रोसेस’ (म्हणजे पद्धत मुळातच न्याय्य हवी, ही अट) हे शब्द ठेवायचे की नाही यावर खडाजंगी झाली होती. मग ए. के. गोपालन हा १९५० चा निवाडा. तिथे बहुमताने सांगितलं की विधिमंडळाने रीतसर केलेल्या कायद्यातली पद्धत असली म्हणजे पुरे. न्या. फझल अली वेगळं बोलले. शेवटी मनेका गांधी, १९७८. पासपोर्ट जप्त झाला, कारणं दिली गेली नाहीत, आणि न्यायालय म्हणालं की ती पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवीही हवी. गोपालनमधलं फक्त २१ बद्दलचं विवेचन आणि मनेका गांधीतलं न्या. भगवतींचं निकालपत्र घ्या, बाकी सोडा. अनुच्छेद २१ च्या गाभ्याचा शब्दही न बदलता त्याचा अर्थ अठ्ठावीस वर्षांत कुठून कुठे गेला, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घटना वाचण्याची दृष्टीच बदलते.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी

अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च न्यायालयाची आणि मुख्यत्वे उच्च न्यायालयांचीही भाषा इंग्रजी आहे, म्हणून इंग्रजी मजकूर टाळून चालणार नाही. पण भीतीपोटी मराठी सोडूही नका. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठीच लागते. राज्याच्या भाषा संचालनालयाने केलेले केंद्रीय कायद्यांचे मराठी अनुवाद आणि ‘न्यायव्यवहार कोश’ हाताशी ठेवा. क्रम असा: आधी कलम इंग्रजीत मोठ्याने वाचा, मग अर्थ स्वतःच्या मराठीत लिहा, आणि शेवटी अधिकृत अनुवादाशी ताडून पाहा. अनुवादापासून सुरुवात केली तर ‘दखलपात्र’, ‘परंतुक’, ‘प्रतिफल’ असे शब्द नुसते डोळ्यांखालून जातात. रोज पाच शब्द वहीत, प्रत्येकासमोर तो आढळला ते कलम. कलमाविना उतरवलेला शब्द आठवड्यात विसरतो.

लॅटिन सूत्रांच्या याद्या, कलमांचे क्रमांक आणि ‘शंभर महत्त्वाचे निवाडे’ पाठ करण्यात वेळ घालवू नका. निकालाची बातमी वाचलीत तर त्याच दिवशी मूळ निकालपत्र काढून शेवटची तीन-चार पानं वाचा. मथळा आणि प्रत्यक्ष आदेश यांत किती अंतर असतं ते कळेल.

वेळ पुरत नसेल तर संविधान सभेची चर्चा आणि घटनेचा भाग ४ (अनुच्छेद ३६ ते ५१) वगळा. करार अधिनियमाची पहिली ३० कलमं आणि लालमन शुक्ला मात्र वगळू नका. पाठ्यपुस्तकं कॉलेज सुरू होऊन शिक्षकांनी नावं सांगेपर्यंत घेऊ नका, कारण विषयांचा क्रम विद्यापीठागणिक बदलतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तर पहिल्या वर्षी राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे विषयही असतात. पहिल्या दिवशी सोबत न्यायची ती पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली करार अधिनियमाची प्रत आणि पाचव्या ओळीतल्या शंकांची वही.