अलंकार ओळखताना या चुका टाळा

‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसलं की उपमा. हा शॉर्टकट कुणी काढला कोण जाणे, पण त्याचा प्रसार मीही केलाय. शिकवायला लागलो त्या वर्षी फळाभर तक्ता लिहून दिला: सम, समान, जसा, परी म्हणजे उपमा, जणू, गमे, वाटे, भासे म्हणजे उत्प्रेक्षा. पोरांनी घोकला. चाचणीत ओळ दिली, ‘परीक्षेचा डोंगर पुढ्यात उभा आहे.’ एकाने ठसठशीत अक्षरात लिहिलं, उपमा. पुरावा म्हणून ‘परीक्षेचा’मधल्या ‘परी’खाली दोन रेघा! मार्क कापायला हात उचलेना. तक्ता माझाच होता ना.

तेव्हापासून मी शब्द हुडकत बसत नाही. बोलणं कशाबद्दल चाललंय (उपमेय), शेजारी काय आणून ठेवलंय (उपमान) आणि दोघांत अंतर किती उरलं, एवढंच बघतो. ‘रस्ता सापासारखा वळतो’ यात दोघं वेगळे, फक्त सारखे, उपमा. ‘रस्ता म्हणजे जणू सापच’, इथे कल्पनेने साप मानला, उत्प्रेक्षा. ‘रस्त्याचा साप डोंगर चढला’, आता दोघं एकच, रूपक. ‘हा रस्ता नव्हेच, साप आहे’, रस्ताच नाकारला, अपन्हुती. आणि रस्त्याला साप समजून बेडकाने खरंच उडी मारली, तर भ्रांतिमान. “सर, एखादी ट्रिक सांगा ना,” म्हणणाऱ्यांना मी हा बेडूक देतो. त्यांना तो आवडत नाही.

किरकोळ चुका भराभर सांगतो. ‘पाऊस आला’ ही चेतनगुणोक्ती (निर्जीवाला सजीवासारखं वागवणं) नाही, ते रोजचं बोलणं आहे. ‘बाबा ताटावर बसले’ ही अतिशयोक्ती नाही, लक्षणा (शब्दशः अर्थ सोडून जवळचा अर्थ घेणं) आहे; ताट शाबूत आहे. शब्दाला कोशात दोन अर्थ आहेत म्हणून श्लेष होत नाही, दोन्ही त्याच ओळीत बसायला हवेत.

दुसरी डोकेदुखी म्हणजे नाव लिहिलं की पेन खाली. तुकोबांचं ‘लहानपण दे गा देवा, मुंगी साखरेचा रवा, ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’ घ्या. ‘दृष्टांत’ (दाखला देऊन म्हणणं पटवणं) सगळे बरोबर लिहितात. अर्थ विचारला की उत्तर येतं, “मुंगीला गोड आवडतं.” अहो, मुंगीची आवडनिवड कोण विचारतंय? उपमानातला कामाचा धागा तेवढा उचलायचा: लहानाच्या वाट्याला काय येतं आणि थोराच्या वाट्याला काय. मी अशा वेळी अलंकार काढून तेच साध्या भाषेत लिहून बघतो. ‘मोठेपणात त्रास असतो.’ अर्थ बराचसा आला, पण अंकुश काही टोचला नाही.