नाशकात भाड्याने राहताय? सामानाचं तेवढं बघा

यवतमाळहून आलो तेव्हा पंचवटीत, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. भाडं एवढं कमी कसं, हे विचारायचं सुचलं नाही. ४ ऑगस्ट २०१९ ला ते कळलं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. जुने नाशिककर पूर मोजतात तो याच मारुतीवरून: कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्यावर.

आमच्याकडे पाणी गुडघाभरच शिरलं. पण वॉशिंग मशीनच्या ड्रममधला गाळ मी ओंजळीने उपसलाय. बिलं दिवाणाच्या कप्प्यात होती, त्यांचा लगदा झाला. घरमालक म्हणाले, "विमा आहे ना!" होता खरा, पण त्यांच्या भिंतींचा. फ्रिज, टीव्ही, गाद्या माझ्या. त्यांना कोण विचारतो?

एजंट सांगेल, घर नावावर नसेल तर विमा होत नाही. ऐकू नका. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आली आहे, आणि तीत भाडेकरूला नुसत्या सामानाचा विमा काढता येतो. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं.

गोम आहे ती चोरीत. पॉलिसीत 'चोरी' हा शब्द दिसतो, पण ती आग-पुरासारख्या घटनेपाठोपाठ सात दिवसांत झालेली चोरी. दिवाळीत गावी गेलात आणि मागे कुलूप फुटलं, तर यातून काही मिळत नाही. त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं मागा. दागिन्यांचंही वेगळंच विचारावं लागतं. रोकड विसरा.

आणखी एक. आपले भाडेकरार अकरा महिन्यांचे, त्यामुळे सिडकोतून इंदिरानगर, तिथून पाथर्डी फाटा अशी आपली वरात चालूच असते. विमा मात्र पॉलिसीवरच्या पत्त्याला चिकटलेला असतो. टेम्पो ठरवतानाच कंपनीला नवा पत्ता कळवा, लेखी. करार नोंदवलेला असू द्या, दाव्याच्या वेळी तिथे राहत होतो हे दाखवायला बरा पडतो.

बिलांचे आणि प्रत्येक वस्तूच्या मागच्या नंबराचे फोटो मी आता बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवतो. सध्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. इथे गोदावरी येत नाही, पण वरच्यांची टाकी आठवड्यातून एकदा तरी वाहतेच.