खानापूरचा पाऊस, डी ड्राइव्ह आणि माझ्या सेटिंग्ज

गणपतीच्या तोंडावर मंडळांची पावती पुस्तकं छपाईला येतात. दोन वर्षांमागे असंच एक काम पुरं करून फाइल डी ड्राइव्हवर टाकली. हिरवी पट्टी शेवटाला गेली, मी "झालं" म्हटलं आणि पाचव्या सेकंदाला करंट गेला. यूपीएसची बॅटरी फुगून बसलेली. मशीन परत चालू केलं, तर फाइल दिसते खरं उघडत नाही. मंडळाचा माणूस दारातच उभा. "वहिनी, मगाशी झालं म्हणालात की ओ!"

त्या रात्री सगळं परत बसून केलं. मग आठवडाभर वाचून, चुकून, परत वाचून या सेटिंग्ज लावल्या. खानापूर तालुक्यात दुकान असेल आणि एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असेल, तर हे तुमच्याही उपयोगाचं आहे.

माझ्याकडे दोन्ही ठेवावी लागतात. कोरलड्रॉ, मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी हे विंडोजवर. स्कॅन, पीडीएफ, ऑनलाइन अर्ज हे लिनक्स मिंटवर. कामाच्या फाइली दोघांना दिसाव्यात म्हणून डी ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फाइली मांडलेला. आज्ञा मी खाली उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्याच इंग्रजी लहान अक्षरांत घालायच्या.

आधी विंडोजचं घर नीट बंद करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाचा प्रकार आहे. शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं. ड्राइव्हवर त्याचा हक्क तसाच राहतो आणि लिनक्समधून तो नुसता वाचायला मिळतो, लिहायला नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. विषय संपला. लिनक्सकडून 'रिमूव्ह_हायबरफाइल' हा पर्यायही आहे, पण त्यानं विंडोजमध्ये न साठवलेलं जे काही असेल ते जातं. मी तो कधी वापरला नाही.

आता लिनक्सला एनटीएफएस वाचता-लिहिता यावं म्हणून ड्रायव्हर कुठला? दोन आहेत. जुना एनटीएफएस-३जी, हा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर, फ्यूज नावाच्या सोयीवर चालतो. दुसरा एनटीएफएस३, २०२१ मध्ये कर्नल ५.१५ सोबत आत आला. नवा कर्नलच्या आत असल्यामुळे चपळ आहे. तरी मी जुन्यावरच आहे, कारण सरळ आहे. करंट जाऊन मशीन धाडकन बंद पडलं की पार्टिशनवर 'डर्टी' असा शिक्का राहू शकतो, आणि तो असला की नवा ड्रायव्हर 'फोर्स' दिल्याशिवाय ड्राइव्ह जोडत नाही. मग विंडोजमध्ये जा, चेकडिस्क चालवा, परत या. जुलैच्या पावसात करंट सारखा जातो, तेव्हा हे किती वेळा करायचं?

ड्राइव्हची ओळख, म्हणजे यूयूआयडी, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'सुडो बीएलकेआयडी' दिल्यावर कळते ('सुडो' म्हणजे अॅडमिन म्हणून चालव). एनटीएफएसचा यूयूआयडी १६ अक्षरांचा असतो, तो कागदावर न लिहिता कॉपीच करा. 'सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/काम' करून रिकामा फोल्डर तयार करा. मग '/ईटीसी/एफएसटॅब' या फाइलची (कुठला ड्राइव्ह कुठं जोडायचा त्याची यादी) आधी एक प्रत काढून ठेवा आणि तिच्या शेवटी एक ओळ घाला. पहिला 'यूयूआयडी=' (हे मात्र कॅपिटल) आणि त्याला चिकटून ती १६ अक्षरं, मग '/एमएनटी/काम', मग 'एनटीएफएस-३जी', मग पर्याय, शेवटी ० आणि ०. पर्याय एकमेकांना चिकटून, मध्ये स्वल्पविराम, जागा सोडायची नाही:

यूआयडी=१०००,जीआयडी=१५००,डीमास्क=००७,एफमास्क=११७,नोएटाइम,बिग_राइट्स,विंडोज_नेम्स,नोफेल

'नोएटाइम' म्हणजे फाइल नुसती उघडली तर वेळ नोंदवत बसू नको. 'बिग_राइट्स' नसेल तर लिहिताना ४ केबीचे तुकडे होतात. तो दिला की साधारण १२८ केबीपर्यंतचा घास एकदम जातो, मोठ्या स्कॅनला फरक कळतो. 'नोफेल' नसेल आणि ड्राइव्ह सापडला नाही, तर मशीन चालू होता होता मध्येच अडकतं. 'विंडोज_नेम्स' मी भाच्यामुळे लावला. तो लिनक्समध्ये "शुभविवाह: पाटील" असं कोलन घालून नाव द्यायचा, ती फाइल विंडोजमध्ये गेल्यावर रुसायची. आता असं नाव घ्यायलाच ड्राइव्ह तयार होत नाही.

परमिशनचं थोडं सावकाश वाचा, इथंच सगळे चुकतात. भाच्याला एका फोल्डरात लिहिता येत नव्हतं. त्यानं चेमॉड (हक्क बदलायची आज्ञा) चालवलं, दहा वेळा चालवलं. "मावशी, ट्रिपल सेव्हन दिलो की मी!" सगळ्यांना सगळे हक्क दिले होते खरंच, आणि एकदाही एरर आला नव्हता. कारण 'परमिशन्स' हा पर्याय किंवा यूजर मॅपिंग नसेल, तर एनटीएफएस-३जी चेमॉड ऐकून घेतो आणि काहीच करत नाही. अख्ख्या ड्राइव्हला एकच नियम, तो जोडताना ठरतो, वरच्या ओळीतून.

मास्क म्हणजे काय द्यायचं ते नाही, काय काढून घ्यायचं ते. ७७७ मधून ००७ गेलं की फोल्डरला ७७० उरतं. ११७ गेलं की फाइलला ६६०. म्हणजे मी आणि आमच्या गटातले वाचू-लिहू शकतात, तिसऱ्याला काही नाही. फाइलीवरचा 'चालवा' हक्कही जातो, पेन ड्राइव्हमधून आलेल्या भलत्या फाइलींसाठी ते बरंच. १००० हा पहिल्या यूजरचा म्हणजे माझा क्रमांक, तुमचा 'आयडी' या आज्ञेनं बघा. गट असा: 'सुडो ग्रुपअॅड -जी १५०० दुकान', मग 'सुडो यूजरमॉड -एजी दुकान' आणि पुढं भाच्याचं यूजरनेम (यातला 'जी' मात्र कॅपिटल). त्यानं एकदा लॉगआउट करून परत यायचं, नाहीतर गट लागत नाही.

गिऱ्हाइकांच्या आधारच्या प्रती आणि पहाणीचे (जमिनीच्या उताऱ्यांचे) स्कॅन मात्र मी डी ड्राइव्हवर ठेवतच नाही. सगळ्या ड्राइव्हला एक नियम म्हटल्यावर तिथं वेगळं कुलूप कसं लावणार? ते माझ्या होम फोल्डरात, ७०० लावून, म्हणजे फक्त मला हक्क. तो भाग ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची पद्धत) आहे, तिथं चेमॉड खरोखर चालतं.

तिथं हलवताना एक अडचण आली, "फाइल नेम टू लाँग". एनटीएफएसवर नावाला २५५ अक्षरं चालतात, ईएक्सटी४ वर २५५ बाइट. नागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजून. 'लग्नपत्रिका' एवढ्याचेच ३३ बाइट. कन्नडलाही तोच हिशोब. म्हणजे ८५ चिन्हांत आटपा.

ओळ घातली की 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' करून चूक बघा. मग ड्राइव्ह आधीच जोडलेला असेल तर काढा, आणि 'सुडो माउंट -ए'.

राहिली ती पावती पुस्तकाची फाइल. मी आधी ड्रायव्हरलाच शिव्या दिल्या, पण त्याचा दोष नव्हता. तो लिहितो ते कर्नल मेमरीत ठेवून घेतं आणि सवडीनं डिस्कवर उतरवतं. पट्टी संपते ती मेमरीत पोचल्यावर. नेहमीच्या सेटिंगला 'डर्टी_बॅकग्राउंड_रेशो' १० आणि 'डर्टी_रेशो' २० असतो, मोकळ्या मेमरीचे टक्के (इथं 'डर्टी' म्हणजे डिस्कवर उतरायचं राहिलेलं). माझ्या ८ जीबीच्या मशीनमध्ये ५ जीबी मोकळी असेल, तर १ जीबीपर्यंत काम उधारीवर राहू शकतं, आणि एखादा तुकडा ३० सेकंद तसाच पडून राहू शकतो. करंट कायम असतो अशा ठिकाणी ठीक आहे.

'/ईटीसी/सिस्कटीएल.डी/९०-दुकान.कॉन्फ' अशी फाइल करा, आत तीन ओळी:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स=३३५५४४३२
व्हीएम.डर्टी_बाइट्स=६७१०८८६४
व्हीएम.डर्टी_एक्स्पायर_सेंटीसेक्स=१०००

म्हणजे ३२ एमबी साठलं की उतरवायला लाग, ६४ एमबी झालं की लिहिणाऱ्यालाच थांबव, आणि १० सेकंदांहून जुनं काही ठेवू नको. बाइट्स लावले की टक्क्यांचे आकडे आपोआप शून्य होतात, घाबरू नका. 'सुडो सिस्कटीएल --सिस्टिम' दिलं की लागू. काहीजण ड्राइव्ह जोडायच्या पर्यायांत 'सिंक' (प्रत्येक तुकडा लगेच डिस्कवर उतरव) लावायला सांगतात. मी लावून बघितला, एक अल्बम टाकायला चहा होऊन कप विसळून झाले, मग काढला.

आता पट्टी पहिल्यासारखी सुसाट पळत नाही, पेन ड्राइव्हला तर रखडतेच. भाचा म्हणतो मशीन स्लो केलीस मावशी. त्याला मी दुसऱ्या खिडकीत 'वॉच ग्रेप डर्टी /प्रॉक/मेमइन्फो' लावून दिलं आहे (डर्टीचा 'डी' कॅपिटल). आकडा काही केबींवर आला की तोच ओरडतो, "झालं ओ काका, पेन ड्राइव्ह घेवा."